अख्खा परदा

मी दर तिसऱ्या दिवशी नखं कापते. जळगावातल्या माझ्या दवाखान्यात टेबलाच्या पहिल्या खणात एक वेळ पेन सापडणार नाही, पण नेलकटर सापडेलच. आमची सिस्टर म्हणते, "मॅडम, नखं वाढायच्या आधीच कापता तुम्ही." नवरा म्हणतो, वेड लागलंय. लागलंय खरं. पण ते मूळचं माझं नाही, दुसऱ्या एका माणसाचं आहे. मी ते उचललं तेव्हा त्याचा त्या माणसाला काही उपयोग उरला नव्हता.

डॉक्टरकी मी धुळ्याला शिकले. पहिल्या वर्षी आमचा अर्धा दिवस डिसेक्शन हॉलमध्ये जायचा. तिथल्या अटेंडंटना सगळं कॉलेज चाचा म्हणायचं. त्यांचं नाव मला ठाऊक आहे, पण लिहीत नाही. ते एका ठिकाणी लागायचं होतं आणि माझ्यामुळे लागलं नाही. आता इथे लिहून मी कसले उपकार करणार?

हॉलच्या दाराशी लाकडी स्टूल, त्यावर चाचा, आणि दाराच्या कडीला सुतळीनं बांधलेलं नेलकटर. आत जायचं तर दोन्ही हात पुढे करायचे. "डॉक्टरसाब, नखं." मुलगा असो की मुलगी, चाचांना सगळे डॉक्टरसाब. नख जरा वाढलेलं दिसलं की सुतळी पुढे सरकवायची, पुढे शब्द नाही. एकदा एका मंत्र्याच्या भाच्यानं कुरकुर केली, तर चाचा म्हणाले, "मामूंना फोन लावा, त्यांची पण बघतो." पोरानं मुकाट्यानं दहाच्या दहा नखं कापली.

प्राध्यापकांना मात्र ते मास्तर म्हणायचे. नुसतं मास्तर. मी एकदा विचारलं, "चाचा, हे उलटं नाही का झालं?" तर म्हणाले, "त्यांचं शिकून झालं. तुमचं व्हायचंय. आत्तापासून साब म्हटलं तर पुढे काम करताना थोडी लाज राहील." माझ्या बाबतीत हा इलाज लागू पडला नाही.

टेबलावरच्या देहांना त्यांनी नात्यातली नावं दिलेली होती. पुरुष असेल तर आबा नाहीतर नाना, बाई असेल तर अक्का. रोज सकाळी चादर काढताना सलाम करायचे, संध्याकाळी पांघरताना "चला नाना, येतो" म्हणायचे. आमच्यातला एक जण पहिल्याच दिवशी आबांच्या छातीवर कोपर टेकवून उभा राहिला. चाचा त्याच्या कानाशी जाऊन म्हणाले, "आबांना विचारलंत का?" आम्ही हसलो. तो नाही हसला. पुढे वर्षभर तो ताठ उभा राहून डिसेक्शन करायचा.

घराणं पिंजाऱ्यांचं. वडील धुळ्यात कापूस पिंजायचे, गाद्या-रजया शिवायचे. चाचांचे स्वतःचे हात तिथेच तयार झालेले. नोकरीला लागल्यावरही घरच्या दुकानात रजईचा शेवटचा टाका त्यांचाच असायचा. चहावरची साय ते एका बोटानं उचलायचे, अख्खी, कुठेही न फाटता, आणि बशीच्या कडेला रुमालासारखी वाळत घालायचे. मग तिच्याकडे जरा वेळ बघायचे. मग चहा. कॅन्टीनवाला वैतागून म्हणायचा, "चाचा, पिता की पूजा करता?"

अख्ख्या शरीरात त्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला होता. फुप्फुसाभोवतीचं आवरण. पुस्तकात त्याला प्लुरा म्हणतात, चाचा परदा म्हणायचे. हृदयाबद्दल विचारा, ते म्हणायचे, "पंप आहे, मास्तर सांगतील." मेंदूबद्दल विचारा, तर "मला तो नाही, मी काय सांगू." पण परद्याचं नाव काढलं की स्टूल सोडून उभे.

सरांनी तो धडा फळ्यावर तासभर शिकवला आणि आमच्या कुणाच्याही डोक्यात शिरला नाही. दोन थर आहेत, आतला फुप्फुसाला चिकटलेला, बाहेरचा बरगड्यांना आतून लागलेला, पण दोन्ही मिळून पिशवी एकच. हे कसं काय? दुपारी चाचा घरून उशीची एक रिकामी खोळ घेऊन आले. तिचं तोंड शिवून टाकलेलं होतं. माझी मूठ धरली आणि त्या बंद खोळीत बाहेरून खुपसली. "ही मूठ म्हणजे फुप्फुस. आता बघा. मुठीला लागलेलं कापड आणि बाहेरचं कापड, दोन झाली ना? पण खोळ कितीए?"

"एकच."

"आणि मूठ खोळीच्या आत आहे का?"

मी बघत राहिले. मूठ आत दिसत होती, पण आत नव्हतीच. ती बाहेरूनच ढकललेली होती.

"दोन कापडांच्या मधे काय आहे?"

"हवा?"

"हवा शिरली तर माणूस गेला, डॉक्टरसाब. चमचाभर पाणी असतं. बस. त्या पाण्यावर दोन्ही कापडं सरकतात, म्हणून श्वास येतो-जातो." मग माझ्या गळ्याच्या हाडाच्या वर बोट दाखवून म्हणाले, "लोकांना वाटतं हा छातीत आहे. इथपर्यंत येतो तो. मानेत. आणि पाठीला खाली पार शेवटच्या बरगडीपर्यंत. सुई घालाल तेव्हा ध्यानात ठेवा. बरगडीच्या वरच्या कडेनं घालायची, खालच्या कडेनं नाही. खाली नस पळते." आज छातीत सुई घालताना मला पुस्तक आठवत नाही. ती खोळ आठवते.

का कोण जाणे, मी त्यांची लाडकी झाले. माझी बोटं बारीक आहेत, एवढंच कारण असावं. बकरी ईदला त्यांनी आमच्या होस्टेलवर स्टीलचा डबा पाठवला. माझी रूम पार्टनर बिर्याणीच्या आशेनं नाचत डबा घेऊन आली. झाकण उघडलं तर आत बकऱ्याचं फुप्फुस, वरच्या परद्यासकट, आणि चिठ्ठी: "प्रॅक्टिससाठी. चाकू नको, बोट." ती अशी किंचाळली की रेक्टरबाई चप्पल हातात घेऊन आल्या. मी मात्र बाथरूममध्ये बसून तासभर परदा सोडवला. निम्म्यात फाटला. दुसऱ्या दिवशी सांगितलं तर चाचा माझ्या बोटांकडे बघून म्हणाले, "नख."

त्यांचं म्हणणं असं, की बरगडी आणि परदा यांच्यामधे पिंजलेल्या कापसासारखा पातळ थर असतो. त्या थरातून बोट चालवलं की परदा आपोआप सुटतो. चाकूला तो थर कळत नाही, रबरी मोज्यालाही कळत नाही. उघडं बोट पाहिजे, आणि बोटाला नख नको. त्यांची बोटं त्या थरातून जाताना मी पाहिली आहेत. दुसऱ्या हातानं ते चष्मा सावरायचे, आमच्याशी बोलायचे, आणि आतलं बोट आपलं काम करत पुढे जायचं. ते हात कधी म्हणजे कधीच थरथरले नाहीत. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

आणि त्यांना एक अख्खा परदा काढायचा होता. मान ते कंबर, कुठेही भोक न पडलेला, आत फुप्फुस तसंच. काचेच्या बरणीत घालून म्युझियममध्ये ठेवायचा. फार वर्षांपासूनचं खूळ होतं ते. पण आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांची छाती बहुतेकदा जुन्या खोकल्यानं आतून चिकटलेली असते. परदा सुटता सुटत नाही. आमच्या वर्षी एक अक्का आल्या आणि चाचांनी पहिल्याच दिवशी दोन बोटं आत घालून डोळे मिटले. "कोरा आहे," म्हणाले.

विभागप्रमुख सरांनी परवानगी दिली, वर कबूलही केलं, "झाला अख्खा, तर खाली पाटीवर तयार करणारा म्हणून तुझं नाव लिहू." म्युझियममधल्या पाट्यांवर तोवर फक्त डॉक्टरांची नावं होती. चाचांनी एक बरणी घासूनपुसून खिडकीत ठेवली, वर वर्तमानपत्राची टोपी घातली. आमचे तास संपले की ते अक्कांपाशी बसायचे. कित्येक आठवडे असं चाललं. खालचा भाग सुटला, पाठीकडचा सुटला. उरला फक्त वरचा घुमट, मानेत शिरणारा. जागा अगदी अरुंद. चाचा माझी बोटं बघून म्हणाले, "हा तुम्ही सोडवा, डॉक्टरसाब. तुमचं बोट बसेल. शुक्रवारी नमाज पढून येतो, मग दोघं मिळून करू. नखं कापून या."

त्याच रविवारी अमळनेरला माझ्या मामेबहिणीचं लग्न होतं. महिनाभर मी नखं वाढवली होती. चाचांच्या दारातून मोजे चढवूनच आत शिरत होते. सर्दी झालीय, हाताला चीर पडलीय, काय वाटेल ते सांगत होते. आईला फोनवर म्हटलं, नखं कापावी लागणार. आई भडकली, "घरमा लगीन शे, अन् तू नखं कसाले कापस? बठ्ठा लोके तुना हातच देखतीन." सगळ्यांनी माझे हात बघावेत, मलाही तेच हवं होतं. आईच्या माथी मारण्यात अर्थ नाही. नखांना लाल रंग लावलेला होता, मला तो आवडत होता, आणि घुमट सोडवण्याचा मानही हवा होता. दोन्ही हवं होतं मला.

शुक्रवारी चाचा नमाजला गेले. मुलं जेवायला गेली. मी दोन मैत्रिणींना घेऊन हॉलमध्ये आले. म्हटलं, बघा, चाचा यायच्या आत करून दाखवते. मोजा काढला. पहिल्या बरगडीच्या आत बोट घातलं. तो कापसाचा थर लागला, बोट चालायला लागलं. मी मैत्रिणींकडे बघून हसले. मला चाचांसारखं दुसरीकडे बघत काम करायचं होतं ना!

मग बोटाखाली काहीतरी टचकन झालं. साय फाटावी तसं.

बोट बाहेर काढलं. घुमटाच्या ऐन टोकाला अर्धचंद्रासारखी चीर पडली होती, नखाच्या मापाची. त्यातून आतलं करडं फुप्फुस दिसत होतं. एक मैत्रीण म्हणाली, "झाक, झाक. काही होत नाही." आम्ही फॉर्मालिनचं ओलं फडकं वर टाकलं आणि तिघीही पळालो. संध्याकाळच्या एसटीनं मी अमळनेर गाठलं. लग्नात सगळ्यांनी माझे हात पाहिले. छान दिसतात म्हणाले.

सोमवारी आले तेव्हा सगळी बॅच अक्कांच्या टेबलाभोवती उभी होती. सर बाहेरगावच्या दोन पाहुण्यांना अख्खा परदा दाखवायला घेऊन आले होते. फडकं उचललेलं होतं. पाहुणे भिंतीकडे बघत होते. सर चाचांवर ओरडत होते. "म्हातारा झालास तू. हात थरथरायला लागलेत तुझे. शिपायाच्या हातात असलं काम दिलं, माझीच चूक झाली."

चाचांच्या हातात तेव्हा चिमटा होता. त्याचं टोक जरासुद्धा हलत नव्हतं. सगळ्यांना दिसत होतं ते. त्यांनी मान वर केली आणि आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली. तोंडांकडे बघितलं नाही, खाली, आमच्या हातांकडे बघत गेले. माझे मेंदीचे हात अॅप्रनच्या खिशात होते. मी ते आणखी आत घातले.

"जी सर," चाचा म्हणाले.

एक वाक्य बोलायचं होतं मला. सर, मी केलं. फार फार तर काय झालं असतं? चार शिव्या, एखादी नोटीस. मी तोंड उघडलं नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही, त्या वर्षात नाही. चाचांना हॉलमधून काढून चादरींच्या खोलीत टाकलं. हात थरथरतात, हे कारण कागदावर गेलं आणि कागदावरून कॉलेजभर गेलं. नवीन आलेला अटेंडंट नखं बघायचा नाही. रिकामी बरणी खिडकीतच होती; पुढे कुणीतरी तिच्यात खडू ठेवायला लागलं. चादरींची खोली मेसच्या वाटेवर होती, म्हणून मी साडेचार वर्षं मेसला लांबच्या वाटेनं गेले. चाचांना कळलंच नाही कुणी केलं, अशी मी मनाची समजूत घालून घेतली होती.

पुढे मी छातीच्या आजारांचीच डॉक्टर झाले. लोक विचारतात, हाच विषय का? मी काहीतरी ठोकून देते.

गेल्या हिवाळ्यात माझ्या टेबलावर एक फाइल आली. छातीत पाणी, उजव्या बाजूला. वरचं नाव वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं. दारातून एक माणूस बापाला धरून आत आणत होता. चाचा निम्मे झालेले, शालीत गुंडाळलेले, दोन पावलांवर थांबून श्वास घेत होते. आणि मी काय केलं? गळ्यात लोंबणारा मास्क नाकावर ओढला. डॉक्टर म्हणून नाही. ओळखू नये म्हणून.

मुलाचं जळगावात गाद्यांचं दुकान. बोलका माणूस. मी सोनोग्राफीत पाणी बघत असताना त्याचं चाललं होतं. "मॅडम, अब्बा पण तुमच्याच लाइनमधले. धुळ्याच्या कॉलेजात मुडदे कापायच्या खात्यात होते. मग हात थरथरायला लागले, एक महत्त्वाची वस्तू फाडून ठेवली, म्हणून तिथून काढलं. तेव्हापासून आम्ही पण दुकानात सुई देत नाही त्यांना. गिऱ्हाइकाचा माल, उगीच कशाला? मागतात अजून कधी कधी. मी म्हणतो, अब्बा, बसा आरामात."

चाचा भिंतीकडे बघत होते. त्यांनी मुलाला खोडून काढलं नाही. इतक्या वर्षांत कधी काढलंही नसावं.

लाजेनं मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या मिनिटाला कळलं. मला वाटत होतं, मी एक परदा फाडला. मी त्या माणसाच्या हातातून त्याच्या घरची सुईसुद्धा काढून घेतली होती. तरीही मी गप्पच होते. पाणी किती आहे ते लिहीत होते. सिस्टरनं ट्रे मांडला, चाचांना उशीवर ओणवं बसवलं, पाठ उघडी केली. मी बरगड्या मोजून खूण केली आणि ग्लोव्हजचं पाकीट उचललं.

उशीतून आवाज आला. "डॉक्टरसाब, नखं."

मुलगा हसला. "अब्बा, काय बोलताय? मोठ्या डॉक्टर आहेत."

मी पाकीट खाली ठेवलं. उशीला वळसा घालून त्यांच्या समोर गेले आणि दोन्ही हात पुढे केले. त्यांनी मान वर करून दहाही नखं बघितली, एकेक करून. मग माझ्याकडे बघितलं. मी मास्क काढला.

"तो परदा मी फाडला होता," मी म्हणाले. मुलाकडे वळून म्हणाले. सिस्टर बघत होती, पण म्हणाले. "तुमच्या अब्बांनी नाही. त्यांचे हात कधी थरथरत नव्हते. मी चोरून बोट घातलं, माझं नख लागलं, आणि त्यांना बोल लागला तेव्हा मी तिथेच उभी होते."

चाचा म्हणाले, "माहीत होतं."

"माहीत होतं?"

"चिरेला लाल रंग लागला होता. कपची होती एवढीशी."

"मग सांगितलं का नाहीत, चाचा?"

"तुम्ही सांगाल असं वाटलं होतं," ते म्हणाले. "दोन-तीन दिवस वाटलं. मग कोण ऐकतं?"

मी माफी मागितली. ते म्हणाले, "माफीचं राहू द्या." आवाजात गोडवा नव्हता, रागही फारसा नव्हता. ते मुलाकडे वळले. दम लागत होता तरी ताठ बसले. "ऐकलंस? डॉक्टरसाब काय म्हणाल्या, ऐकलंस?"

"हो अब्बा."

"हे बघ." त्यांनी शालीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि मुलाच्या डोळ्यांसमोर सरळ धरले, बोटं पसरून. पूर्वी आम्हाला दाखवायचे तसे.

हात थरथरत होते. बोटांच्या टोकांपासून मनगटापर्यंत.

चाचा स्वतःच त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी एक हात दुसऱ्या हातानं धरून पाहिला, तर दोन्ही मिळून थरथरले. मग त्यांनी ते हळूच शालीत परत घेतले.

"आत्ता थरथरतात," ते मुलाला म्हणाले. "तेव्हा नव्हते."

"हो अब्बा," मुलगा म्हणाला. आजारी बापाला म्हणतात तसं.

"घाला सुई," चाचा उशीवर डोकं टेकवत मला म्हणाले. "बरगडीच्या वरच्या कडेनं."